ब्रिज बसवण्याआधी शेजारच्या दातांची चौकशी

दाढ काढून झाली आणि रिकाम्या जागी ब्रिज बसवायचे ठरले, की घरी आणि ओळखीपाळखीत चर्चा सुरू होते ती खर्चाची, रंगाची आणि तो किती वर्षे टिकेल याची. ज्या दोन दातांच्या जिवावर तो ब्रिज उभा राहणार असतो, त्यांचा विषय मात्र क्वचितच निघतो. माझ्या मते तोच पहिला विषय असायला हवा. गेल्या काही वर्षांत माझ्या, धाकट्या भावाच्या, भाचीच्या आणि गिरगावातल्या मावशीच्या तोंडात हा एकच प्रश्न उभा राहिला, त्याची चार वेगळी उत्तरे निघाली आणि प्रत्येक वेळी उत्तर ठरवले ते रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांनी. मुंबईत दंतवैद्यांची वाण नाही, गल्लोगल्ली दवाखाने आहेत. पण खुर्चीवर बसण्यापूर्वी रुग्णाला स्वतःच्या दातांविषयी चार प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

नेहमीचा ब्रिज तीन दातांचा असतो. गेलेल्या दाताच्या पुढचा आणि मागचा दात चहूबाजूंनी कोरून बारीक करतात, त्या दोघांवर कॅप बसतात आणि त्या दोन कॅपना जोडलेला मधला खोटा दात रिकाम्या जागेवर येतो. या मधल्या दाताला स्वतःचे मूळ नसते. भाकरीचा तुकडा असो वा चिक्की, चावताना त्याच्यावर येणारा सगळा भार शेजारच्या दातांच्या मुळांनाच पेलावा लागतो. दवाखान्यात पैसेही नगावर आकारले जातात, त्यामुळे एक दात गेला असला तरी बिल तीन कॅपचे होते आणि ते पाहून अनेकांना धक्का बसतो. हा हिशेब मात्र योग्यच आहे, कारण लॅबमध्ये खरोखरच तीन दात घडवावे लागतात.

माझ्या तोंडातून गेली ती खालची डावी पहिली दाढ. पक्क्या दातांपैकी ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे उगवते. कोणताही दुधाचा दात पडून ती येत नसल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिला कीड लागली, तरी ‘पडेल आणि नवीन येईल’ अशी सर्वांची समजूत असते. ती पडून नवीन येत नाही. ज्यांच्या घरी सहा-सात वर्षांचे मूल आहे, त्यांनी आज रात्री दात घासताना त्याच्या तोंडात मागे डोकावून ही दाढ अवश्य पाहावी.

दाढ काढल्यावर दुखणे थांबते, चावायला दुसरी बाजू असते आणि दिसायलाही काही दिसत नाही, म्हणून बरेच जण ती जागा वर्षानुवर्षे तशीच ठेवतात. तोंड मात्र स्वस्थ बसत नाही. मागची दाढ हळूहळू पुढे, रिकाम्या जागेकडे कलू लागते. समोरच्या जबड्यातला दात चावायला जोडीदार न उरल्याने आपल्या जागेवरून उतरू किंवा चढू लागतो. आणि ज्या हाडात मूळ होते ते हाड झिजत जाते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते. कललेल्या दाढेचे नुकसान पुढे ब्रिजच्या वेळी कळते. ब्रिज एकसंध असतो, तो वरून एकाच दिशेने खाली सरकवून दोन्ही दातांवर एकदम बसवावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही दात जवळपास समांतर असावे लागतात. एक दात फार कललेला असेल, तर त्याला समांतर आणण्यासाठी इतके कोरावे लागते की आतली नस उघडी पडण्याचा धोका निर्माण होतो किंवा आधी तारा लावून दात सरळ करून घ्यावा लागतो. दुसरीकडे, दाढ काढल्याबरोबर घाईने पक्का ब्रिज बसवणेही बरे नाही. हिरडी आणि हाड पुरेसे भरून यायला साधारण दोन-तीन महिने जाऊ द्यावेत, नाहीतर हिरडी खाली बसते आणि मधल्या दाताखाली फट उरते.

माझ्या डॉक्टरबाई दादरच्या. त्यांनी पहिल्या भेटीत रिकाम्या जागेकडे जेमतेम पाहिले आणि सगळा वेळ शेजाऱ्यांवर घालवला. दोन्ही दात बोटांनी हलवून पाहिले, हिरडी आणि दात यांच्यामध्ये खुणा केलेली बारीक सळई घालून खोली मोजली, एक्स-रे काढला आणि तो पडद्यावर मोठा करून मला दाखवला. ‘दाताचा हिरडीबाहेरचा भाग दिसतो तेवढाच आपण बघतो, मला हाडात किती मूळ आहे ते बघायचं असतं,’ असे त्या म्हणाल्या. हाडात रुतलेले मूळ निदान बाहेर दिसणाऱ्या भागाइतके तरी लांब हवे, त्याहून जास्त असेल तर उत्तम. शिवाय १९२६ साली अँटे या दंतवैद्याने मांडलेला एक जुना ठोकताळा अजूनही शिकवला जातो : आधाराच्या दातांच्या मुळांचे हाडातले एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके किंवा त्याहून अधिक असावे. आज हा नियम कोणी अक्षरशः पाळत नाही, पण त्यामागचा विचार रुग्णालाही सहज समजण्यासारखा आहे. हिरड्या सुजलेल्या असतील, दात हलत असेल किंवा मुळाशी पू असेल, तर त्याचा इलाज झाल्याशिवाय ब्रिजचे माप घेऊ देऊ नये.

माझ्या बाबतीत निर्णय अवघड गेला नाही. मागच्या दाढेचे रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून पोकळी भरण्याचे काम, आधीच झालेले होते आणि तिच्यावर कॅप बसवणे तसेही भागच होते. पुढच्या उपदाढेत, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधल्या दातात, फार वर्षांपूर्वी चांदी भरलेली होती आणि ती चांदी दाताच्या निम्म्याहून अधिक भागात पसरलेली होती. तो दातही एक ना एक दिवस कॅप मागणारच होता. म्हणजे ज्या दातांना आवरण हवेच होते त्यांनाच मध्ये एक दात जोडून घ्यायचा होता. ब्रिजसाठी याहून योग्य परिस्थिती नाही, असे डॉक्टरबाईंनी सांगितले आणि त्याचे कारण मला दुसऱ्या भेटीत, दात कोरले जाताना नीट उमगले.

दात कोरणे हा या उपचाराचा सर्वांत गंभीर भाग आहे आणि तो बहुतेकांना सर्वांत कमी समजावून सांगितला जातो. सुई देऊन भाग बधिर करतात. मग पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याच्या कणांचे बारीक टोक फिरत राहते आणि चावण्याच्या पृष्ठभागावरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर, बाजूंनी त्याहून थोडा कमी थर उतरवला जातो. वाचायला ही मापे क्षुल्लक वाटतात, पण दातावरचे कठीण कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तेच मुळी दाढेच्या टोकावर सुमारे अडीच मिलिमीटर जाड असते आणि हिरडीकडे निमुळते होत जाते. एकदा उतरवलेले हे कवच शरीर पुन्हा तयार करत नाही. मधेच डॉक्टरबाईंनी माझ्या हातात आरसा दिला. माझी ती रुंद उपदाढ पिवळसर, अरुंद खुंटाएवढी झाली होती आणि तिच्याभोवती हिरडीत एक बारीक काळा दोरा बसवलेला होता. दाताची कड मापात स्पष्ट उमटावी म्हणून हिरडी क्षणभर बाजूला सारणारा तो दोरा होता. त्या आरशात पाहताना माझ्या मनात आले, की जो दात निरोगी आहे, ज्याला कधी कीडही शिवलेली नाही, त्याची अशी अवस्था करण्यापूर्वी दहा वेळा विचार व्हायला हवा. जिवंत नस असलेला दात असा कोरल्यावर काही जणांच्या बाबतीत ती नस पुढे मरते आणि रूट कॅनाल करावे लागते, हेही रुग्णाला आधीच सांगितले गेले पाहिजे.

त्यानंतर लगद्यासारख्या मऊ रबरी पदार्थाने माप घेतले गेले. काही दवाखान्यांत आता त्याऐवजी तोंडात छोटा कॅमेरा फिरवून संगणकावर माप घेतात. पक्का ब्रिज लॅबमधून येईपर्यंत प्लॅस्टिकचा तात्पुरता ब्रिज लावून दिला. तो चिकटवण्याच्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातला युजेनॉल हा घटक असतो, त्यामुळे घरी येईपर्यंत जिभेवर लवंगेची चव रेंगाळत राहिली. तात्पुरता ब्रिज निघून पडला तर ‘आठवड्यावर तर आलंय’ म्हणून तसेच राहू नये, लगेच जाऊन लावून घ्यावा. कोरलेले दात उघडे राहिले तर शिवशिवतातच, शिवाय थोडेसे सरकतात, आणि मग लॅबमध्ये नेमक्या मापाने बनलेला ब्रिज बसत नाही.

पक्का ब्रिज बसवण्याच्या दिवशी पाहण्याची गोष्ट म्हणजे चावा. निळा कागद दातांमध्ये धरून डॉक्टरबाई ‘चावा, आता घासा, आता उजवीकडे’ असे सांगत राहिल्या आणि जिथे निळा ठिपका गडद उमटेल तिथे कणभर घासत गेल्या. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती जे तंतू असतात, त्यांच्यामुळे आपल्याला केसाहून बारीक फरकही जाणवतो. म्हणून ‘सवय होईल’ या उत्तरावर समाधान मानू नये. उंच राहिलेला ब्रिज रोज हजारो वेळा त्याच मुळावर आदळतो. तोंड बधिर असताना चाव्याचा अंदाज चुकतो, त्यामुळे बधिरता उतरल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी जेवताना काही टोचले, तर परत जाण्यात मुळीच संकोच बाळगू नये.

साहित्याबद्दल मी थोडक्यातच सांगते. आतून धातू आणि वरून दाताच्या रंगाचे पोर्सिलेन हा जुना, भरवशाचा प्रकार आहे; त्यात कधीकधी पोर्सिलेनचा टवका उडतो आणि कालांतराने हिरडीच्या कडेला करडी रेघ दिसू लागते. झिर्कोनियाचा ब्रिज पांढरा, अतिशय मजबूत आणि महाग असतो. धातूच्या प्रकारात बरेचदा निकेल असते, त्यामुळे ज्या बायकांचे कान खोट्या कुड्यांनी चिडतात आणि चिघळतात, त्यांनी ही गोष्ट दंतवैद्याला आवर्जून सांगावी. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर तीही सांगावी.

माझ्या धाकट्या भावाचीही खालची पहिली दाढच गेली होती. बाजू तेवढी वेगळी. त्याच्या शेजारचे दोन्ही दात मात्र अगदी ठणठणीत होते. डॉक्टरबाईंनी त्याला ब्रिज सुचवलाच नाही, इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे कृत्रिम मूळ, सुचवले. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी संशोधनातून दाखवले आणि १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. आज त्याच तत्त्वावर हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कॅप लावतात आणि शेजारच्या दातांना हातही लागत नाही. भावाला मधुमेह आहे, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया थांबवून ठेवली गेली आणि त्यानंतरही हाड जुळून येण्यासाठी काही महिने गेले. ‘ताई, तुझं काम केव्हाच झालं, माझं अजून चाललंय,’ असे तो अधूनमधून म्हणत असे. त्याची तक्रार खरी होती, पण त्याचे दोन निरोगी दात आजही जसेच्या तसे आहेत आणि त्या बदल्यात एवढी वाट पाहणे मला पूर्णपणे पटते.

भाचीची गोष्ट आणखी वेगळी. तिचा वरचा एक पटाशीचा दात जन्मतःच नव्हता, म्हणजे तो आतूनही तयार झालेला नव्हता. वाढीच्या वयात इम्प्लांट करता येत नाही, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट मात्र जागचे हलत नाही. कोवळे दात कोरून ब्रिज करणे तर त्याहून वाईट. तिच्यासाठी मेरीलँड ब्रिज केला. यात खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला चिकटवतात; कोरावे लागते ते जवळजवळ नाहीच. पूर्वी दोन्ही बाजूंना पंख ठेवत. आता पुढच्या दातांसाठी बहुधा एकच ठेवतात. दोन पंखांपैकी एक सुटला तरी दुसरा ब्रिजला धरून ठेवतो, कोणाच्या लक्षात येत नाही आणि सुटलेल्या पंखामागे कीड लागत राहते. एकच पंख असला, तर सुटल्यावर दात हातात येतो आणि मूल त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचते.

हीच न कळता सुटण्याची गोष्ट मावशीच्या तोंडात घडली आणि ती मला सर्वांत अधिक सांगावीशी वाटते. तिचा वरच्या बाजूचा ब्रिज बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा. दाढेकडची कॅप घट्ट होती, पण पुढच्या उपदाढेवरच्या कॅपचे सिमेंट केव्हातरी सुटले होते. वरून सगळे जागच्या जागी दिसत होते. ‘अगं, दुखत काहीच नव्हतं, नुसता तोंडाला वास यायचा, मला वाटलं पोटाचं असेल,’ असे ती सांगत होती. दुखणार कसे, त्या उपदाढेचे रूट कॅनाल झालेले असल्याने तिच्यात नसच नव्हती. डॉक्टरबाईंनी बोटाने ब्रिज वर दाबला आणि सोडला, तेव्हा उपदाढेच्या कडेने लाळेचे बारीक बुडबुडे आले. मीही वाकून ते पाहिले. प्रत्येक घासाबरोबर आत लाळ आणि अन्नरस ओढला जात होता आणि बाहेर फेकला जात होता. ब्रिज कापून काढला तेव्हा आत दाताच्या जागी तपकिरी, मऊ, सळईने खरवडून निघेल असा भाग उरला होता आणि तो दात वाचला नाही.

एक दात गेल्याने आता दोन दातांची सलग जागा रिकामी झाली. पुन्हा मोठा ब्रिज का नाही, असे मी विचारले. लांबी वाढली की ब्रिजचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते : मध्ये एकाऐवजी दोन दात आले तर आठपट, तीन आले तर सत्तावीसपट. मावशीची मागची दाढ हिरडीच्या दुखण्याने आधीच थोडी हलत होती, तिच्यावर हा भार टाकणे शक्य नव्हते. शेवटी धातूच्या पातळ सांगाड्याची, काढता-घालता येणारी कवळी तिने पसंत केली आणि आता ती तिच्यावर नीट जेवते.

जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की दोन्ही बाजूंनी आधार असलेल्या ब्रिजपैकी दहा वर्षांनंतर दहातले जवळपास नऊ तोंडात टिकलेले असतात. हे प्रमाण दिलासा देणारे आहे. पण कॅपला कीड लागत नाही म्हणून आतला दातही सुरक्षित आहे असे समजणे चुकीचे. ब्रिजचे जे बिघडते ते बहुधा कॅपच्या कडेपाशी, हिरडीलगत, जिथे खरा दात सुरू होतो तिथेच. ब्रिजचे तिन्ही दात जोडलेले असल्याने साधा दोरा वरून मध्ये घालता येत नाही. एक टोक ताठ आणि मधला भाग फुगीर असा खास दोरा मिळतो, तो बाजूने मधल्या दाताखालून ओवून घ्यावा आणि आधाराच्या दोन्ही दातांच्या कडांवरून पुढेमागे फिरवावा. दातांमध्ये जागा असेल तर बारीक गोल ब्रशही चालतो. रात्री झोपण्यापूर्वी याला दोन मिनिटे लागतात. टाचणी, सेफ्टी पिन किंवा दातकोरणे ब्रिजखाली घालू नये, हिरडी दुखावते. मिश्री, तंबाखू आणि सुपारी यांबद्दल तर स्पष्टच लिहायला हवे : त्यांनी हिरड्या आणि हाड खचते, सुपारीने तोंड उघडणे कमी होत जाते आणि जिथे दोन बोटेही शिरत नाहीत अशा तोंडात मागच्या दातांचे काम करणे कोणत्याही दंतवैद्याला कठीण जाते.

खर्च झेपत नसेल, तर मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय या दोन जागा आहेत. तिथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, सकाळी लवकर जाऊन रांग धरावी लागते, पण पायरी-पायरीने आणि तपासून काम होते. दवाखाना कोणताही असो, ब्रिज सुचवला गेला की शेजारच्या दोन दातांचा एक्स-रे समोर ठेवून मुळे, हाड आणि जुनी भरलेली जागा दाखवायला सांगावी, ते दात निरोगी असतील तर न कोरता काय करता येईल असे विचारावे, आणि त्या एक्स-रेची प्रत मागून घेऊन घरच्या फाइलमध्ये ठेवावी. काही वर्षांनी तपासणीच्या एक्स-रेमध्ये कॅपच्या कडेला किडीची शंका आणणारी सावली दिसली, तर ती पूर्वीपासूनची आहे की नव्याने आलेली, हे त्याच प्रतीशी ताडून पाहता येते.